हवेलीचे पाणी आणि पिंपातला पाला

आंबवलेल्या पाल्याचे खत सध्या परसबागेच्या हौशी मंडळींत फार लोकप्रिय आहे. पिंपात ताग, शेवगा, गिरिपुष्प किंवा बागेतलेच उपटलेले तण भरायचे, वर पाणी ओतायचे, थोडा गूळ टाकायचा, रोज काठीने ढवळायचे आणि पंधरा-वीस दिवसांनी तो काळपट, उग्र वासाचा अर्क दहापट पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी द्यायचा. कृती सोपी आहे. तिच्या कुळाबद्दल मात्र दोन ठाम मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे ही ऋषिमुनींची विद्या असून मधल्या काळात रासायनिक खतांनी ती झाकली गेली. दुसऱ्या मताप्रमाणे ती जपान-कोरियाकडून आलेली नवी टूम आहे आणि आपल्याकडे तिचा पूर्वेतिहास नाही. मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या शेतीचा इतिहास तपासला तर दोन्ही मते अपुरी ठरतात. वनस्पती पाण्यात कुजवून तिच्यातून हवे ते काढून घेण्याचे ज्ञान या भागात होते आणि मोठ्या प्रमाणावर होते. पण ते पोथीत नव्हते, एका जातीकडे किंवा एका धंद्याकडे नव्हते आणि त्याला कोणी खत म्हणतही नव्हते. गव्हाच्या बांधबंदिस्त शेतात, ताग कुजवण्याच्या डबक्यात आणि विड्याच्या पानांच्या बरेजात ते तीन वेगळ्या कामांसाठी वापरले जात होते. आजच्या पिंपाचे खरे पूर्वज हे आहेत, आणि त्या पिंपाकडून काय मागावे, काय मागू नये, हेही त्यांच्याकडूनच कळते.

आधी पोथीचा दावा पाहू, कारण तो निराधार नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचे चूर्ण, तीळ, सातूचे पीठ आणि मांस पाण्यात घालून सात रात्री ठेवावे आणि ते पाणी झाडांना द्यावे, म्हणजे फुले-फळे भरपूर येतात, असे त्यात मापांसह सांगितले आहे. इ.स. १००० च्या सुमाराचा मानला जाणारा सुरपालाचा वृक्षायुर्वेद त्याच्याही पुढे जातो. प्राण्यांचे मांस, चरबी, मज्जा आणि मासे पाण्यात शिजवायचे, त्यात दूध, तिळाच्या पेंडीची पूड, मध घालून शिजवलेले उडीद, तूप आणि ऊन पाणी मिसळायचे आणि ते सगळे भांड्यात भरून उबदार जागी पंधरवडाभर ठेवायचे. हेच कुणपजल. प्रमाण ठरलेले नाही, असेही तो ग्रंथ सांगतो. आंबवण्यासाठी ऊब लागते, मुदत लागते, पेंडीसारखा नत्रयुक्त पदार्थ लागतो आणि शेवटी द्रवरूपात मुळाशी पोचवावे लागते, या चारही गोष्टी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या आहेत. भारतीयांना द्रवखत ठाऊक नव्हते, असे म्हणणाऱ्याला इथेच उत्तर मिळते.

पण ग्रंथात असणे आणि शेतात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरपाल हा राजदरबारातला वैद्य. त्याचा ग्रंथ उपवनांचा आहे. कोणते झाड घराजवळ लावल्याने पुण्य लाभते, अवकाळी फुले कशी आणावीत, फळातली कोय कशी नाहीशी करावी, अशा विषयांना त्यात मानाचे स्थान आहे. तूप, मध आणि दूध झाडाच्या मुळाशी ओतणे चार एकरांच्या कुणब्याला परवडणारे नव्हते. शिवाय आज कुणपजलाचे जे नाव घराघरांत पोचले आहे, ते अखंड परंपरेने पोचलेले नाही. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून डॉ. नलिनी साधले यांनी सुरपालाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९९६ मध्ये सिकंदराबादच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने छापला. या संस्थेमागे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने होते. भाताचा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे पंतनगरला दाखवून देणारे हेच शास्त्रज्ञ. त्यांच्या खटपटीनंतर कुणपजल पुन्हा चर्चेत आले. मांसाच्या जागी पालापाचोळा घालून केलेले 'हरित कुणपजल' तर त्याहून अलीकडचे. हे पुनरुज्जीवन मोलाचे आहे, पण त्याला पुनरुज्जीवनच म्हटले पाहिजे. जबलपूरच्या आजच्या माळ्याच्या हाती ते आजोबा-पणजोबांकडून आलेले नाही.

आजोबा-पणजोबांकडून आलेली गोष्ट वेगळी होती. जबलपूरच्या पश्चिमेला पाटणच्या बाजूने नरसिंहपूरकडे पसरत गेलेला नर्मदेच्या खोऱ्यातला सपाट, काळ्या जमिनीचा पट्टा 'हवेली' या नावाने ओळखला जातो. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभ्याने गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. राजवटी बदलत राहिल्या, पण या पट्ट्याची ओळख गहू हीच राहिली. इथली माती इतकी चिकट की पावसात नांगर चालत नाही आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर इथल्या शेतकऱ्यांनी जो उपाय काढला तोच हवेली पद्धत म्हणून प्रसिद्ध झाला. काही एकरांच्या शेताला चारी बाजूंनी मातीचा उंच बांध घालायचा, आषाढापासून पडेल तेवढे पाणी आत कोंडायचे आणि आश्विनात ते वरच्या शेतातून खालच्या शेतात, शेजाऱ्यांच्या आपसांतल्या समजुतीने, टप्प्याटप्प्याने सोडून द्यायचे. जमिनीला वाफसा आला की गहू किंवा गहू-हरभऱ्याचा मिसळ पेरा, ज्याला तिकडे 'बिर्रा' म्हणतात, तो करायचा. पुढे पाणी द्यावे लागत नसे, निंदणी जवळजवळ नसे, आणि खताची गाडीही शेतात क्वचितच येई.

या शेवटच्या गोष्टीकडे नीट पाहिले पाहिजे. दरवर्षी गहू काढायचा आणि शेणखत जवळपास घालायचेच नाही, हे कसे चालत होते? एकोणिसाव्या शतकात शेण जाळण्यावरून हिंदी शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची रीत होती. १८८९ मध्ये हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या अहवालात तिला छेद दिला. शेतकऱ्याला शेणाची किंमत कळते, सरपण नाही म्हणून तो ते जाळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हवेलीत शेणाची ही उणीव काही अंशी पाणीच भरून काढत होते. पहिल्या पावसाने उगवलेले सगळे तण, गेल्या हंगामाची धसकटे आणि वाहून आलेला पालापाचोळा अडीच-तीन महिने गढूळ, कोमट पाण्याखाली राही. वरून हवा बंद, खाली उष्ण चिखल. अशा स्थितीत हवेवाचून जगणारे जिवाणू त्याचा फडशा पाडत. काँस हे गवत त्या मुलखाचा जुना वैरी. त्याची मुळे इतकी खोल की नांगराने ते मरत नाही, उलट तुकडे होऊन पसरते. साठलेल्या पाण्याखाली मात्र ते गुदमरे. म्हणजे ज्या तणाने पीक खाल्ले असते तेच कुजून पिकाच्या कामी येई. आज पिंपात आपण जे करतो तेच हे, फक्त भांडे एकरांचे होते आणि झाकण पाण्याचे.

यावर जाणकार आक्षेप घेतील की हवेली ही जलसंधारणाची पद्धत आहे, तिला खताची पद्धत म्हणणे ओढाताण आहे. शिवाय पाण्याखालच्या जमिनीत नत्र साठण्याऐवजी उडून जातो, कारण हवा नसली की जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. बांध घालण्यामागचा पहिला हेतू ओल धरून ठेवणे हाच होता आणि पाण्याने सगळा नत्र राखला असा दावा करता येणार नाही. पण कुजताना प्रथिनांतून सुटणारा नत्र अमोनियाच्या रूपात असतो. तो काळ्या मातीच्या कणांना धरून राहतो आणि पाणी सोडून जमिनीत हवा शिरली की त्याचे नायट्रेट होते, म्हणजे नेमके गव्हाला अंकुर फुटण्याच्या सुमारास. दुसरे असे की भाताच्या साचलेल्या पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र बांधते, हे प्र. कु. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. हवेलीचे उथळ, ऊन खाणारे पाणी त्याहून फार वेगळे नव्हते. तिसरे, बिर्ऱ्यातला हरभरा आपल्या मुळांवरच्या गाठींतून वाटा उचलत होता. तेव्हा हवेलीच्या सुपीकतेचे सारे श्रेय कुजलेल्या तणाला देणे चूक, आणि ते अजिबात न देणे हीही चूकच. एका कामातून चार कामे साधणे हीच तर जुन्या शेतीची पद्धत होती. ओल, तणनाश, कमी मशागत आणि कुजलेला पाला या चार खात्यांत तिचा हिशेब वेगवेगळा मांडणे ही आपली सवय आहे, ती तेव्हाच्या शेतकऱ्याची नव्हती.

दुसरा पूर्वज तागाचा. सन किंवा ताग हे पीक जबलपूरच्या नावाने एकेकाळी समुद्रापार पोचले होते. जॉन फोर्ब्स रॉयल यांच्या १८५५ च्या हिंदुस्थानातील तंतुवनस्पतींवरच्या ग्रंथात 'जबलपूर हेंप'ची दखल घेतलेली आहे. तेव्हा क्रिमियाचे युद्ध चालू होते, रशियन हेंप दुर्मीळ झाला होता आणि दोरखंडांसाठी इंग्रज आरमाराला पर्यायाची गरज होती. ताग हे पीक म्हणून सोपे, पण त्याचे सूत काढणे हे पूर्णपणे कुजवण्याचे कसब आहे. कापलेली ताटे आधी शेतात पडू द्यायची म्हणजे पाने झडून तिथेच राहतात. मग जुड्या बांधून संथ पाण्यात बुडवायच्या. साल आणि काष्ठ यांना चिकटवून ठेवणारा पदार्थ जिवाणू खाऊन टाकतात आणि ऊबदार पाण्यात चार ते सात दिवसांत साल सुटते. कमी ठेवले तर सूत निघत नाही, जास्त ठेवले तर सूतच सडते. पाण्याची ऊब, त्याचा रंग, वास आणि बोटांना लागणारा बुळबुळीतपणा यांवरून वेळ ओळखावी लागे. आंबवण्याच्या क्रियेला नेमके कुठे थांबवायचे, हे ज्ञान जबलपूरच्या परिसरात शास्त्र म्हणून नव्हे तर पोटापाण्याचा धंदा म्हणून जिवंत होते.

हे ज्ञान कोणाकडे होते, याचीही नोंद आहे. रसेल आणि मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे, रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जातीजमातींवरचे चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत कुमरावत नावाच्या एका छोट्या जातीचे वर्णन आहे. सन पिकवणे आणि त्याची गोणपाटे विणणे हा तिचा धंदा. ही जात बरई, म्हणजे विड्याच्या पानांचे मळे करणाऱ्या समाजातून फुटून निघाली असावी, असा त्यांचा कयास. सनाची शेती करणाऱ्याकडे वरच्या मानल्या गेलेल्या जाती तुच्छतेने पाहत. कुजक्या पाण्यात उभे राहून काम करणारा, अंगाला त्याचा वास येणारा माणूस जातीच्या उतरंडीत वर चढणे शक्यच नव्हते. इथे आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. कुजवण्याची विद्या एवढी व्यापक असूनही ग्रंथांत तिची जागा इतकी तोकडी का? कारण ग्रंथ लिहिणारे आणि डबक्यात उतरणारे वेगवेगळे होते. सुरपालाच्या कुणपजलाला श्लोक मिळाले, कुमरावताच्या डबक्याला मिळाले नाहीत. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तो त्या डबक्याचाही बाळगला पाहिजे.

तिसरा पूर्वज त्या बरईंचाच. गवताच्या छपराखाली, सावलीत, दमट हवेत पानवेल वाढवायची त्या आवाराला तिकडे बरेजा म्हणतात. आपल्याकडचा पानमळा त्याचाच भाऊबंद. पानवेलीची मुळे उथळ आणि नाजूक असतात. ताज्या शेणखताचा कढ त्यांना सोसत नाही आणि पान हेच पीक असल्यामुळे नत्राची भूक सतत असते. म्हणून तिळाची किंवा तशीच दुसरी पेंड पाण्यात भिजवून, मुरवून, तिचे पाणी वेलीच्या बुडाशी थोडे थोडे द्यायचे, अशी रीत पडली. मध्य प्रदेशातल्या बरेजात काय आणि वसईच्या पानमळ्यात काय, पेंडीवाचून पान नाही. घरगुती द्रवखताशी सर्वांत जवळचे नाते या तिसऱ्या प्रकाराचे आहे. भांडे लहान, मात्रा थोडी, देणे वारंवार आणि झाड निगुतीने वाढवलेले. सुरपालाच्या पाठातही तिळाची पेंड आहे, हा योगायोग नसावा. पण बरईने ती पोथीतून घेतली असे मानण्यापेक्षा पोथीने ती बरईसारख्यांच्या मळ्यातून घेतली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तेलघाणा जिथे आहे तिथे पेंड आहे, आणि पेंड भिजली की आंबतेच. हे कळायला संस्कृत लागत नाही.

विसाव्या शतकात या कुजवण्याला पहिले शास्त्रीय आव्हान मिळाले ते जवळूनच, होळकरांच्या इंदूरहून. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये तिथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू केली. तिथले रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या खतावरचा ग्रंथ लिहिला आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. सेंद्रिय शेतीच्या चळवळीत हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाड यांचे क्वचितच. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मात्र दोन्ही नावे आहेत. इंदूर पद्धतीचे मर्म हवेत आहे. तण, कपाशीच्या पऱ्हाट्या, शेणमूत्र आणि माती यांचे थर रचायचे, ढीग ठरावीक वेळी उलटायचा आणि तीन महिन्यांत खत तयार करायचे. पाणी तुंबू द्यायचे नाही, कारण हवा कोंडली की नत्र वाया जातो आणि दुर्गंधी सुटते. म्हणजे हवेलीचा आणि डबक्याचा मार्ग इंदूरने नाकारला. हा आक्षेप आजच्या पिंपालाही लागू आहे आणि तो टाळता येत नाही. ढिगातून मिळते ते ह्यूमस, जे जमिनीची घडण सुधारते आणि वर्षानुवर्षे टिकते. पिंपातून मिळते ते विरघळलेले अन्न, जे आठवड्यात झाडाच्या उपयोगी पडते आणि संपते. दोहोंत निवड करायची झाली तर जमिनीसाठी ढीगच श्रेष्ठ. पिंप हे त्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारे नाही. बरईलाही हे ठाऊक होते. तो पेंडीचे पाणी वेलीला देई, पण बरेजात दरवर्षी नवी मातीही आणून टाकी.

मग हे सगळे मागे का पडले? सोपे उत्तर युरिया हे आहे, पण जबलपूरपुरते ते अपुरे आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि शेती खात्याची सूत्रे नागपुरातून हलत होती. त्या खात्याने ताग नांगरून गाडण्याचा, म्हणजे हिरवळीच्या खताचा, पुरस्कारच केला होता. बदल आला तो पुढे. गोंड राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधारताल भागात १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने तिथे सोयाबीनवर काम सुरू झाले आणि पुढच्या वीस वर्षांत मध्य प्रदेश सोयाबीनचे राज्य बनले. सोयाबीन हे खरिपाचे पीक. ज्या महिन्यांत हवेलीत पाणी उभे असे त्याच महिन्यांत त्याला निचऱ्याची जमीन हवी. शेतकऱ्याने बांध फोडले, आणि त्यात त्याचा मूर्खपणा नव्हता. एका पिकाऐवजी दोन पिके आणि तेलबियांचा रोख भाव समोर असताना कुजत्या पाण्याखाली शेत अडकवून ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. तागाला कृत्रिम धाग्यांनी आणि पोत्यांच्या गिरणी मालाने मागे ढकलले. म्हणजे कुजवण्याची विद्या निरुपयोगी ठरल्यामुळे गेली नाही. ती ज्या आर्थिक व्यवस्थेत बसत होती ती व्यवस्था गेली, आणि व्यवस्थेबरोबर विद्याही गेली. यातून हेही दिसते की ती नुसत्या अभिमानाने परत येणार नाही. नव्या व्यवस्थेत तिला जागा शोधावी लागेल.

ती जागा आज परसबागेत आणि गच्चीवर सापडली आहे. जबलपूरने इथेही आपला वाटा उचलला. जैविक खतांच्या राष्ट्रीय प्रकल्पाचे विभागीय केंद्र इथे होते, पुढे तेच सेंद्रिय शेतीचे विभागीय केंद्र झाले. कृषी विश्वविद्यालयाची जिवाणू संवर्धके 'जवाहर' या नावाने शेतकऱ्यांपर्यंत पोचली. तणविज्ञानाची राष्ट्रीय संस्था १९८९ पासून जबलपुरातच आहे, आणि गाजरगवत व जलपर्णी यांचा नायनाट करण्याबरोबरच त्यांचे खत कसे करावे हाही तिथला अभ्यासविषय आहे. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचे २०० लिटर जीवामृत घराघरांत पोचवले. कोरियातल्या चो हान-क्यू यांनी कोवळ्या पाल्यात साखर घालून रस आंबवण्याची पद्धत रूढ केली, तर इंग्लंडात लॉरेन्स हिल्स यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने कॉम्फ्रीच्या पानांचे पाणी बागांत नेले. इतक्या दूरदूरच्या लोकांनी इतक्या सारख्या गोष्टी केल्या, याचा अर्थ एकाने दुसऱ्याची नक्कल केली असा होत नाही. पाला, पाणी, ऊब आणि वेळ जिथे आहेत तिथे माणसाला हे सुचतेच. म्हणून 'मूळ आमचे की त्यांचे' हा वादच फोल आहे. आपल्या जागी कोणता पाला आहे आणि आपल्या झाडाला काय हवे आहे, हे प्रश्न अधिक कामाचे.

आता या पिंपाचे बळ मोजून पाहू, कारण त्याच्याविषयी अतिशयोक्ती फार होते. हिरव्या तागात ओल्या वजनाच्या सुमारे ०.४ टक्के नत्र असतो. दहा किलो ताग पिंपात घातला आणि त्यातला सगळा नत्र पाण्यात उतरला असे धरले, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी हाती येतो तो ४० ग्रॅमच्या आसपास नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे हे १०० ग्रॅम युरियापेक्षाही कमी. एवढ्यावर एकराचे शेत पोसले जाईल असे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे. पण वीस कुंड्या आणि दोन वाफे यांना एवढे पुरते, शिवाय पालाश पाल्यातून पाण्यात सहज उतरतो आणि सूक्ष्मद्रव्येही थोडी थोडी येतात. हवेलीला तीन महिने आणि एकरभर तण लागत होते, बरईला पेंडीचे पोते लागत होते. निसर्गात फुकट काही मिळत नाही. जेवढा पाला घालाल तेवढेच अन्न निघेल, आंबवण्याने ते वाढत नाही, फक्त लवकर सुटते. हे ध्यानात ठेवले तर पिंप निराश करणार नाही.

पूर्वजांनी आणखी तीन गोष्टी शिकवल्या आहेत. पहिली, थांबण्याची वेळ. कुमरावत जसा वासावरून आणि स्पर्शावरून जुडी बाहेर काढी, तसे इथेही पाला पूर्ण विरघळला आणि फेस यायचा थांबला की अर्क गाळून वापरून टाकावा, महिनोन्‌महिने साठवू नये. गुळाने पाणी आंबट राहते आणि अमोनिया उडण्याचे प्रमाण घटते, म्हणून तो थोडा घालावा. झाकण ठेवावे, पण वायू निघायला फट असू द्यावी. दुसरी, पाण्यानंतर वाफसा. हवेलीचा शेतकरी पाणी काढून टाकल्याशिवाय पेरत नसे. कुंडीतल्या भिजलेल्या मातीवर रोज अर्क ओतला तर मुळे गुदमरतील, म्हणून दहापट पातळ करून आठवड्यातून एकदा, माती सुकत आल्यावर द्यावा. तिसरी, पाला कुठून आणला याचे भान. जबलपूर हे गोंड काळापासून तलावांचे शहर, पण सांडपाणी मिसळणाऱ्या तलावातली जलपर्णी जड धातू शोषून घेते, ती भाजीच्या वाफ्याला नको. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे, नाहीतर त्याचे बी बागभर होईल. आणि शेण घातलेला अर्क कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर फवारू नये, कारण आंबवण्याने सगळेच रोगजंतू मरतात असे नाही. वराहमिहिराच्या किंवा पाळेकरांच्या नावाने यातला एकही नियम सैल होत नाही.

तेव्हा आंबवलेल्या पाल्याचे खत ही हरवलेली दैवी विद्या नाही आणि परदेशी फॅडही नाही. गव्हाच्या शेतकऱ्याने, सन कुजवणाऱ्याने आणि पानमळेवाल्याने आपापल्या गरजेपोटी कमावलेल्या अनुभवाची ती घरगुती, लहान आवृत्ती आहे. तिने ढिगाच्या खताला, हिरवळीच्या खताला आणि जिथे जमीन साथ देते तिथे हवेलीच्या बांधाला पूरक म्हणून राहावे. पोथीचा दाखला हवा असेल त्याने जरूर द्यावा. पण बागेत एक वाफा तागासाठी राखून ठेवावा, कारण पिंपात घालायला पाला नसेल तर पोथीही काही उगवून देत नाही.